पगाराची वर्दी

लालबाग-परळच्या चाळींत पगाराचा दिवस कोणता, हें पूर्वी कोणाला विचारावें लागत नसे. गिरणीच्या फाटकाबाहेर वसुलीला उभा राहिलेला पठाण सावकार दिसला कीं तो दिवस उजाडला असें समजावें. वाणी उधारीची वही काढून ठेवी. आणि गिरणगांवांतल्या एकट्या पुरुषांना महिनाभर जेवूं घालणारी खानावळवाली हिशेब जुळवून वाट पाही. १९३६ च्या पगारविषयक कायद्यानें, हजारांहून कमी कामगार असतील तेथें मुदत संपल्यापासून सात दिवसांच्या व इतरत्र दहा दिवसांच्या आंत पगार दिलाच पाहिजे, असें बंधन घातलें. एकाचा पगार लांबला कीं दोन-तीन चुली खोळंबत. १९७५ सालीं प्रेमाताई पुरव ह्यांनीं अन्नपूर्णा महिला मंडळ काढून ज्या खानावळवाल्यांना एकत्र आणलें, त्यांना हें कोणीं समजावून देण्याची गरज नव्हती.

त्या व्यवस्थेंत हाल पुष्कळ होते. परंतु पगार झाला नाहीं तर तें साऱ्या फाटकाला दिसे. १९८२ च्या संपानंतर एकामागून एक भोंगे मुके झाले, आणि कमला मिलच्या आवारांत आज कचेऱ्या आहेत. आतांचा पगार संगणकावरील प्रणाली मोजते व बँकेमार्फत खात्यावर धाडते. ह्या पगाराला गर्दी नाहीं, गलका नाहीं. आणि न झालेल्या पगारालाही नाहीं.

गिरगांवांतील माझ्या परिचयाच्या एका लहान कचेरींत असें घडलें. शिपायानें नवें खातें उघडलें होतें. नोंद करतांना त्याचा एक आंकडा चुकला. एनईएफटीच्या नियमाप्रमाणें, रक्कम खात्यांत घालतां आली नाहीं तर बँकेनें ती दोन तासांत परत करावयाची असते. तशी ती झालीही. प्रणालीला दुपारींच सर्व ठाऊक होतें. पण तिचें तें पान कारकुनानें उघडलें नवव्या दिवशीं! बिचारा शिपाई संकोचानें गप्प राहिला होता, आणि मुलीच्या शाळेची फी त्यानें शेजाऱ्याकडून उसनी आणून भरली होती.

ह्यावर जो उपाय निघाला आहे त्याला वेबहुक म्हणतात. नांव कांहींसें कोळ्याच्या गळासारखें वाटतें. मला आपला ‘वर्दी’ हा शब्द बरा वाटतो. खानावळवालीनें आपल्या मुलाला घटकेघटकेला फाटकावर पिटाळून ‘पगार झाला का?’ असें विचारून यावयास सांगावें, ही एक रीत. तींत मुलाचे पाय दुखतात, आणि त्यानें पाठ फिरवितांच पगार सुरू झाला तर पुढच्या खेपेपर्यंत पत्ता लागत नाहीं. दुसरी रीत अशी कीं, तिनें आपला ठिकाणा फाटकावर देऊन ठेवावा, आणि घटना घडतांच तेथल्या माणसानेंच निरोप घेऊन यावें. वेबहुक ती हीच. कचेरी आपल्या संगणकाचा पत्ता प्रणालीला एकदां कळविते. पगार जमा झाला किंवा परत आला, कीं प्रणाली आपण होऊन तेथें संदेश धाडते.

संदेश निघाला म्हणजे पोंचला असें मात्र नव्हे. पोंच आली नाहीं तर चांगली प्रणाली थोड्या वेळानें तो पुन्हां धाडते, मग आणखी अधिक अंतरानें. त्यामुळें एकच निरोप दोनदां येऊं शकतो. त्यावर क्रमांक असेल तर दुसरा बाजूस ठेवतां येतो, नाहीं तर एकाच माणसाला दोन पगार जावयाचे. खोटा निरोप ओळखतां यावा म्हणून उभयतांनाच ठाऊक असलेल्या गुप्त शब्दावरून काढलेली मोहोर त्यावर असते. ती न तपासणारी कचेरी दाराला कडी न लावतां निजते.

माझा खरा कटाक्ष शब्दांवर आहे. बँकेकडे नुसती यादी गेली, तेवढ्यावर ‘पगार झाला’ म्हणून कळविणें हें गप्प बसण्याहून वाईट, कारण तो शब्द ऐकून माणूस घरभाड्याचा वायदा करून बसतो. शिवाय एकदम अनेक खात्यांत रकमा घालणारी नॅच ही यंत्रणा १ ऑगस्ट २०२१ पासून सुटीच्या दिवशींही चालते. पगार रविवारीं निघूं शकतो. मग तो अडला, तर कुलूप लावलेल्या कचेरींतील संगणकानें कोणाला सांगावें?

गिरगांवच्या त्या कचेरींत आतां परत आलेल्या पगाराची वर्दी कारकुनाच्या मोबाइलवर जाते, आणि त्याच वेळीं ज्याचा पगार त्यालाही मराठींत जाते: ‘आपला पगार बँकेंतून परत आला आहे. खात्याचा क्रमांक कचेरींत तपासून घ्यावा.’ त्यांत रकमेचा आंकडा कां नाहीं, असें कारकुनानें मला विचारलें. मीं त्याला फाटकावरच्या पठाणाची गोष्ट सांगितली.