निवृत्तिवेतन : कृपा की कमाई?



मराठीच्या प्राध्यापकाने स्मृतिव्याख्यानात साहित्यावर बोलावे, असा एक संकेत आहे. आज तो मी थोडा बाजूला ठेवणार आहे. ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी येथे जमतो, त्यांनी उमेदीची वर्षे या शाळेला दिली आणि उतारवय निवृत्तिवेतनावर, कोणापुढे हात न पसरता, काढले. तेव्हा त्या निवृत्तिवेतनाचाच विचार करणे त्यांच्या स्मृतीला धरून होईल.

आरंभ शब्दापासून करतो. सवय जात नाही. ‘पेन्शन’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील तोलून देण्याची कल्पना आहे. आपण त्याला ‘निवृत्तिवेतन’ हा प्रतिशब्द घडवला. त्यातील ‘निवृत्ति’ आपल्या लक्षात राहते. ‘वेतन’ मात्र आपण विसरतो. वेतन म्हणजे केलेल्या कामाचा मोबदला. काम आधी झालेले असते, मोबदल्याचा एक हिस्सा तेवढा मागाहून मिळतो.

जुन्या राज्यव्यवस्थेत सेवेचा मोबदला वतनाने आणि इनामाने होई. पेडणे आणि डिचोली हे प्रदेश अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सावंतवाडीकरांकडे होते, नंतर ते पोर्तुगिजांकडे गेले. पण सत्ता कोणाचीही असो, वतनाला धन्याची मर्जी लागे. मर्जी फिरली की वतन जाई. आधुनिक निवृत्तिवेतनाचे वेगळेपण येथेच आहे. ते मर्जीवर अवलंबून नाही, नियमावर आहे.

हे तत्त्व आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात निःसंदिग्ध शब्दांत मांडले. सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाचा तो निर्णय. केंद्र सरकारने १९७९ साली निवृत्तिवेतनाचे उदार सूत्र आणले, परंतु ३१ मार्च १९७९ रोजी वा त्यानंतर निवृत्त झालेल्यांपुरतेच. न्यायालयाने म्हटले की निवृत्तिवेतन ही सरकारची बक्षिसी नव्हे आणि केवळ एका तारखेच्या आधारे सारख्यांत भेद करता येणार नाही. १७ डिसेंबर हा दिवस देशभर निवृत्तिवेतनधारकांचा दिवस म्हणून पाळला जातो तो त्यामुळे.

आणि तरीही पुढे तारीखच आडवी आली. या वेळी निवृत्तीची नव्हे, रुजू होण्याची. केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्या कर्मचाऱ्यांसाठी जुनी योजना बंद केली. गोव्याने ५ ऑगस्ट २००५ पासून आणि महाराष्ट्राने १ नोव्हेंबर २००५ पासून तोच मार्ग धरला. याचा अर्थ काय झाला? सप्टेंबर २००५ मध्ये सावंतवाडीस सरकारी सेवेत रुजू झालेल्या कारकुनाला जुने निवृत्तिवेतन. त्याच दिवशी पेडण्यास रुजू झालेल्या त्याच्या मामेभावाला नवी योजना. मध्ये पत्रादेवीचा नाका. जुन्या योजनेत अखेरच्या मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आणि तीवर महागाई भत्ता. नव्या योजनेत कर्मचारी वेतनाच्या दहा टक्के भरतो, सरकारही आपला वाटा घालते, ती रक्कम बाजारात गुंतते आणि शेवटी हाती किती येईल ते बाजार ठरवतो. म्हातारपणीची जोखीम सरकारच्या खांद्यावरून उतरून कर्मचाऱ्याच्या खांद्यावर आली.

संघटनांचा लढा या जोखमीविरुद्ध आहे. तो सोपा नाही. सरकारी नोकराला संपाचा मूलभूत, कायदेशीर वा नैतिक हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली तमिळनाडूच्या प्रकरणात म्हटले. महाराष्ट्रात र. ग. कर्णिक यांच्या नेतृत्वाखाली १९७७-७८ मध्ये ५४ दिवसांचा संप झाला होता. मार्च २०२३ मध्ये त्याच राज्यात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा देत लाखो कर्मचारी १४ ते २० तारखेपर्यंत कामाबाहेर राहिले. पुढे केंद्राने १ एप्रिल २०२५ पासून एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली. पंचवीस वर्षे सेवा केलेल्यास अखेरच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी तिच्यात आहे. कर्मचाऱ्याचा दहा टक्के वाटा कायम राहिला, पण हमी हा शब्द परत आला. तो संघटित आवाजावाचून आला नसता.

आता दुसरी बाजू. अर्थसंकल्पाचा आकडा भावनेने वाढत नाही. काही राज्यांनी जुनी योजना पुन्हा आणण्याचे जाहीर केले तेव्हा, हे ओझे उद्याच्या पिढीवर पडेल, असा इशारा रिझर्व्ह बँकेने दिला. तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. आणि डिचोलीत तर हा प्रश्न अधिक बोचरा होतो. २०१२ साली खाणी थांबल्या, २०१८ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले आणि मार्चमध्ये उत्खनन पुन्हा थांबले. ज्याचा ट्रक अंगणात गंजला तो विचारतो, “माझ्या म्हातारपणाची हमी कोणी घेतली? मग कचेरीतल्या माणसाची माझ्या करातून का?”

या प्रश्नाला उत्तर दिल्यावाचून कोणत्याही संघटनेला नैतिक बळ येणार नाही. माझ्या मते उत्तर दोन अंगांचे आहे. पहिले असे, की शेजाऱ्याला छप्पर नाही म्हणून आपले उतरवल्याने कोणाचाच पाऊस चुकत नाही. निवृत्तिवेतनाची हमी एका ठिकाणी टिकली, तरच ती इतरांनी मागण्याचे परिमाण उरते. म्हणून संघटनेने खाणकामगाराची, कंत्राटी कामगाराची, अंगणवाडीताईची मागणी आपल्या मागणीशेजारी मांडली पाहिजे. २००५ पूर्वी रुजू झालेल्या ज्येष्ठांनी तर विशेषच, कारण ज्याला हक्क मिळाला आहे तोच गप्प बसला, तर ती तारीख भिंत होऊन कायमची उभी राहते.

दुसरे अंग कर्तव्याचे. मामलेदार कचेरीत एका दाखल्यासाठी शेतकऱ्याला तीन खेपा घालाव्या लागल्या, की निवृत्तिवेतनाचा एक पाठीराखा कमी होतो. अर्थखात्याच्या कोणत्याही टिपणापेक्षा हे नुकसान मोठे आहे. लोकांनी सेवा अनुभवली, तरच त्या सेवेचा उरलेला मोबदला त्यांना न्याय्य वाटेल.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकी काही उद्या सरकारी नोकरीच्या परीक्षा द्याल, काही मोपाच्या विमानतळावर कंत्राटी काम कराल. नेमणुकीचा कागद हाती येईल तेव्हा पगाराच्या आकड्याखालच्या ओळीही वाचा. म्हातारपणाची तरतूद कोणती, ती कोणाच्या जोखमीवर, आणि ती बदलण्यापूर्वी तुम्हाला विचारले जाईल का, हे तीन प्रश्न विचारा. एकट्याने विचारणे जड जाते. म्हणून माणसे संघटना करतात. आपल्या श्रमाचे मोल मागताना मान खाली घालण्याचे कारण नाही.