लिहून घेणारे

पनवेलच्या हरिनाम सप्ताहात पाचव्या दिवशी केलेली ही सेवा आता छापून तुमच्या हातात आली आहे. तिथे टाळ-पखवाज होते, मागे उभे टाळकरी होते. इथे फक्त अक्षर आहे. तेव्हा सावकाश वाचा.

निरूपणाला जनाबाईंच्या नावावरचा एक अभंग घेतला होता. फारसा कानावर पडत नाही तो, कारण त्यात पंढरीचं वर्णन नाही की नामाचा महिमा नाही. त्यात नुसती यादी आहे, कोणत्या संताचे बोल कोणी लिहून घेतले याची. तुम्ही म्हणाल, महाराज, यादीवर कसलं कीर्तन? अहो, या यादीतली माणसं नसती तर आज आपल्या तोंडी काय असतं?

पहिलं नाव सच्चिदानंदबाबांचं. नेवाशाला ज्ञानोबाराय खांबाला टेकून बोलत होते आणि बाबा लिहून घेत होते. शके 1212, म्हणजे इसवी सन 1290. नऊ हजारांवर ओव्या! परंपरा सांगते की बाबांना मृत्यू आला होता, पत्नी सती निघाली होती. माउलींनी नाव विचारलं आणि म्हणाले, सत्, चित्, आनंद हे ज्याचं नाव, त्याला मरण कसं येईल? बाबा उठले आणि लिहायला बसले. ग्रंथाच्या अगदी शेवटी माउलींनी त्यांचं नाव घातलं आणि त्यांना शब्द दिला ‘लेखकु’. आज लेखक म्हटलं की ज्याच्या डोक्यातून पुस्तक निघालं तो. तेव्हा लेखक म्हणजे ऐकून उतरवणारा. माउली स्वतः लेखक झाले नाहीत बरं का! तो मान दुसऱ्याला दिला.

याच यादीत निवृत्तिनाथांचे बोल सोपानदेव लिहितात आणि मुक्ताईचे बोल साक्षात ज्ञानदेव लिहितात. धाकट्या बहिणीपुढे भाऊ दौत घेऊन बसला आहे, हे चित्र एकदा डोळ्यांपुढे आणा. चांगदेवांचा लेखक श्यामा कासार, सावतोबांचा काशीबा गुरव. आणि जनीचा? जनीचा पांडुरंग. दळता दळता बोलायची, लिहिणार कोण? ज्याच्यासाठी बोलली, त्यानंच लिहिलं.

पण मी या यादीत थांबतो तो चोखोबांच्या नावापाशी. त्यांचे अभंग लिहिणारा अनंतभट्ट. भट्ट! ज्या चोखोबांना देवळाची पायरी चढू दिली नाही, मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळली तिच्याखाली जे गेले, ज्यांच्या अस्थी नामदेवरायांनी आणून महाद्वारासमोर ठेवल्या, त्यांचे शब्द एका ब्राह्मणाने कागदावर घेतले. जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही, आणि ऐकल्याशिवाय लिहिता येत नाही. त्या काळात ते अंतर ओलांडणं काय होतं, ते यावरून ओळखा की पंढरीचं देऊळ सर्वांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली उपोषण करावं लागलं. मधे सहाशेवर वर्षं गेली. अनंतभट्ट तेवढी वर्षं आधी चालून गेला होता. त्याच्या नावानं कुठे दिंडी निघालेली मी तरी पाहिली नाही.

पुढे तुकोबारायांना चाकणचे संताजी तेली जगनाडे मिळाले. त्यांच्या वह्यांवरून ठाण्याच्या वि. ल. भाव्यांनी गाथा छापला. संताजींची समाधी सुदुंबऱ्याला आहे. देहूला जाल तेव्हा वाट वाकडी करून जा.

आता माझी गोष्ट. मागे एकदा याच सप्ताहाचं पुस्तक निघालं. एक ताई मोबाइलवरचं रेकॉर्डिंग ऐकून लिहीत होत्या. एका संध्याकाळी त्यांनी विचारलं, “महाराज, तुम्ही इथे ज्ञानेश्वरी आळंदीला लिहिली असं बोललात. नेवासे करू का?” ओघात जीभ घसरली होती माझी. पण मला राग आला. म्हटलं, “पन्नास वर्षं पाठ करतोय आम्ही. बोललो तसं लिहा.” त्यांनी तसंच लिहिलं. छापून आलं. पुढच्या आषाढीला नेवाशाकडचे एक वारकरी पान दुमडून माझ्यापाशी आले. काही बोलले नाहीत, नुसतं बोट ठेवलं.

नाथमहाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरी शुद्ध केली, कारण लिहिता लिहिता पाठ बिघडले होते. तिथे लिहिणाऱ्यांचं चुकलं होतं. इथे लिहिणारी बरोबर होती आणि बोलणारा हटून बसला होता. त्या पुस्तकावर मंडळाचं नाव होतं, देणगीदारांची होती, माझा फोटो होता. ताईंचं नाव नव्हतं.

हे निरूपणही त्याच लिहून घेत आहेत. नाव घालू का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “नको महाराज, माझी सेवा पोचली.” मग नाव नाही घालत. पण ताई, आळंदीची गोष्ट मी बोललो ती गाळू नका. बोललो तसं लिहा.

बोला, पुंडलीक वरदे हारी विठ्ठल!