मागें उभा राहणारा
(नभोवाणीवरील भाषण)



फुटबॉलसारख्या विषयावर बोलण्यास देवपुरांतल्या एका निवृत्त शाळामास्तरानें उभें राहावें, याचें आपणांपैकीं पुष्कळांस नवल वाटेल. तें साहजिकच आहे. आमचा खानदेश कुस्तीच्या फडाचा आणि कबड्डीच्या मैदानाचा. पांझरेच्या कांठीं मुलें चेंडू लाथाडीत असतात खरीं. परंतु त्याला फुटबॉल म्हणावयाचें तर पोळ्याच्या मिरवणुकीला घोडदळाची कवाईत म्हणावें लागेल. मी स्वतः मॅट्रिक. खेळाचें शास्त्र कोणत्याहि विद्यालयांत शिकलों नाहीं. शाळेंत खेळाचा तास घेण्यास कोणी राजी नसे, म्हणून तो माझ्याकडे आला आणि निवृत्तीपर्यंत माझ्याकडेच राहिला. आज मी जें सांगणार आहें त्याचें मूळ त्या तासांत आहे, आणि तें फारसें अभिमानाचें नाहीं.

मुलांचे दोन संघ पाडतांना मी एक सोपा नियम लावीत असें. जीं मुलें चपळ, आरडाओरडा करणारीं, ज्यांचे वडील स्नेहसंमेलनाला पहिल्या रांगेंत बसत, तीं पुढें. उरलेलीं मागें. ज्याला कांहीं येत नाहीं त्यानें बॅक व्हावें, एवढेंच माझें क्रीडाशास्त्र. एकदां सातवींतल्या एका अबोल मुलानें मला विचारलें, "सर, मी रोज मागेंच कां?" मी म्हणालों, "कोणीतरी मागें उभें राहावयास हवें ना!" त्यानें मान डोलावली आणि तो आपल्या जागीं जाऊन उभा राहिला. माझें वाक्य व्याकरणाच्या दृष्टीनें निर्दोष होतें. त्यांत उत्तर मात्र नव्हतें, हें त्याला कळलें आणि मलाहि कळलें.

यानंतर बरींच वर्षें गेलीं. २०२१ च्या मे महिन्यांत, साथीमुळें आम्ही सारे घरांत कोंडलेले असतांना, वृत्तपत्रांत एक बातमी वाचली. १० मे रोजीं फोर्तुनातो फ्रँको या गोमंतकीय फुटबॉलपटूंचें वयाच्या ८४ व्या वर्षीं निधन झालें होतें. १९६२ सालीं जाकार्ता येथील आशियाई क्रीडास्पर्धेंत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाचे ते हाफबॅक. त्या अंतिम सामन्यांतले आपले दोन गोल कोणी केले हें मला तोंडपाठ होतें. शाळेंत सामान्यज्ञानाच्या तासाला मीं तें शेंकडों मुलांकडून घोकून घेतलें होतें. पण फ्रँको हें नांव मीं त्या दिवशीं प्रथम वाचलें. ज्याला खेळाचा मास्तर म्हणवून घ्यावयाचें त्याला ही गोष्ट लागावी तशी लागली.

हाफबॅक म्हणजे कोण, हें घरांतल्या ज्या मंडळींना या खेळाची गोडी नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. गोलरक्षकापुढें बॅक, म्हणजे बचावाची भिंत. अगदीं पुढें फॉरवर्ड, म्हणजे गोल करणारे. या दोहोंमध्यें हाफबॅक. शत्रु चालून आला कीं यानें मागें धांवून भिंतीला टेकू द्यावयाचा; चेंडू आपल्या हातीं, क्षमा करा, आपल्या पायीं आला कीं तो पुढच्याला पोंचवून पुन्हां आपल्या जागीं यावयाचें. सामन्यांत सर्वांत अधिक धांवावयाचें यानें, आणि टाळ्या मिळावयाच्या दुसऱ्याला. एकत्र कुटुंबांतल्या थोरल्या सुनेची जी स्थिति, तीच याची.

फ्रँको यांचा जन्म १९३७ चा, बार्देश तालुक्यांतील कोलवाळ येथला. गोव्यावर त्या वेळीं पोर्तुगालचें राज्य होतें. म्हणजे ज्यांनीं पुढें भारताचा पोशाख अंगावर चढविला ते फ्रँको जन्मानें पोर्तुगीज प्रजाजन. याच बार्देशांतील शिवोली गांवीं १८८३ सालीं फादर विल्यम लायन्स नांवाच्या इंग्रज धर्मोपदेशकानें गोव्यांत प्रथम फुटबॉल आणला, असें सांगतात. राज्य पोर्तुगालचें आणि खेळ शिकविला इंग्रजानें, ही एक गंमतच. चर्चच्या अंगणांतून आणि पीक निघालेल्या शेतांतून तो खेळ गांवोगांव पसरला.

पोटासाठीं मात्र गोमंतकीय माणूस मुंबईची वाट धरी. कोणी आगबोटीवर खलाशी, कोणी आचारी, कोणी वाद्यवादक. धोबीतलावाच्या बाजूला त्यांच्या 'कुडी' होत्या. एकेका गांवानें आपल्या माणसांसाठीं चालविलेलीं वसतिगृहेंच तीं. गांवचा माणूस बोटीवरून उतरला कीं कुडींत पथारी टाकी, आणि सवड मिळाली कीं कुपरेजच्या मैदानाकडे वळे. रोव्हर्स कप आणि हारवुड लीग यांचे सामने पाहण्यास लोटणाऱ्या गर्दींत ही मंडळी ठळकपणें असत. फ्रँको यांचा खेळ फुलला तो मुंबईंतच, टाटा स्पोर्ट्स क्लबच्या संघांत.

याच संघांत त्यांच्या आधींचें एक मोठें नांव होतें नेव्हिल डिसूझा यांचें. तेहि मूळचे गोव्याचेच. १९५६ च्या मेलबोर्न ऑलिंपिकमध्यें यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध त्यांनीं एकट्यानें तीन गोल केले आणि भारत ४–२ असा जिंकून उपांत्य फेरींत गेला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्यें एका सामन्यांत तीन गोल करणारे ते पहिले आशियाई.

या तारखांकडे जरा लक्ष द्यावें. १९५५ च्या १५ ऑगस्टला गोव्याच्या हद्दींत शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीज पोलिसांनीं गोळ्या झाडल्या होत्या. आपल्या महाराष्ट्रांतून गेलेले कितीतरी तरुण त्यांत होते. त्यानंतर सीमा बंद झाल्या, आगगाडी थांबली, मुंबईंतल्या गोमंतकीयाला आपल्या आईला भेटावयास जाणें दुरापास्त झालें. अशा दिवसांत गोव्यांत जन्मलेला एक तरुण भारतासाठीं मेलबोर्नला गोल करीत होता आणि दुसरा मुंबईंत तयार होत होता. यांच्यापैकीं कोणी सभेंत भाषण केल्याचें मीं वाचलेलें नाहीं. ते खेळले, एवढेंच.

१९६० सालीं रोमच्या ऑलिंपिकसाठीं फ्रँको यांची निवड झाली. घरीं, क्लबांत केवढा आनंद झाला असेल! भारत तेथें हंगेरीशीं १–२ असा हरला, फ्रान्सशीं १–१ अशी बरोबरी झाली, पेरूकडून १–३ अशी हार पत्करावी लागली. तीन सामने झाले आणि या तिन्ही सामन्यांत फ्रँको यांना एकदांहि मैदानांत उतरावयास मिळालें नाहीं. समुद्रापलीकडे जावें आणि बाजूच्या बांकावर बसून परत यावें, हें वयाच्या तेविसाव्या वर्षीं कसें वाटत असेल, याचा विचार मीं अलीकडे पुष्कळ वेळां केला आहे.

१९६१ च्या १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. त्याला नऊ महिनेहि झाले नव्हते, तोंच भारताचा संघ जाकार्तास गेला, आणि आतां फ्रँको अकरांत होते. संघाचे शिक्षक हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. तेहि पेशानें शाळामास्तर, हें सांगतांना माझी छाती जरा फुगते ती आपण क्षम्य मानावी. त्यांच्यावर २०२४ सालीं 'मैदान' नांवाचा चित्रपट निघाला, तो आपणांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल.

स्पर्धेचा आरंभ वाईट झाला. पहिल्याच सामन्यांत दक्षिण कोरियानें ०–२ असें हरविलें. मग थायलंडवर ४–१ आणि जपानवर २–० असे विजय मिळाले. परंतु थायलंडच्या सामन्यांत बचावाचा मुख्य खांब जो जर्नेलसिंग, त्याच्या डोक्याला जखम होऊन टांके पडले. रहीम यांनीं काय केलें? त्या जखमी बॅकला त्यांनीं पुढें फॉरवर्डच्या जागीं खेळविलें. उपांत्य सामन्यांत दक्षिण व्हिएतनामविरुद्ध चुनी गोस्वामी यांनीं दोन आणि जर्नेलसिंगनें एक गोल केला. भारत ३–२ असा निभावला. चित्रपटवाल्यांना अशा गोष्टी फार आवडतात, आणि आवडाव्यातच. पण एक खांब पुढें नेल्यावर मागचें छप्पर कोणी पेललें? त्रिलोकसिंग, चंद्रशेखर, अरुण घोष हे बॅक, आणि त्यांच्यापुढें प्रशांत सिन्हा व फ्रँको हे दोन हाफबॅक.

४ सप्टेंबर १९६२. अंतिम सामना, पुन्हां त्याच दक्षिण कोरियाशीं. सुमारें एक लाख प्रेक्षक, आणि बहुतेक सारे भारताच्या विरुद्ध. कारण खेळाबाहेरचें होतें. इंडोनेशियानें इस्राएल आणि तैवान यांच्या खेळाडूंना प्रवेश नाकारला. त्यावर भारताचे गुरुदत्त सोंधी यांनीं हरकत घेतली. लोक खवळले, भारताच्या वकिलातीवर चालून गेले. मैदानांत आपल्या खेळाडूंची हुर्यो उडत होती. त्या गदारोळांत एका कोपऱ्यांतून भारताच्या बाजूनें ओरडत होता तो पाकिस्तानचा हॉकी संघ. ज्यांनीं हॉकींत आपल्यालाच हरवून सुवर्णपदक घेतलें होतें तेच हे! संघांतल्या खेळाडूंनीं ही आठवण पुढें अनेकदां सांगितली.

पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग यांचे दोन गोल झाले. इतिहास येथें थांबतो. माझा सामान्यज्ञानाचा तासहि येथेंच थांबत असे. पण सामना थांबला नव्हता. तासाहून अधिक वेळ उरला होता. समोर चिडलेला आणि दमांत सरस असलेला प्रतिस्पर्धी, भोंवतीं लाखभर विरोधी कंठ. त्या तासाभरांत कोरियाला एकच गोल करतां आला, तोहि अगदीं अखेरीस. २–१. या तासाचें वर्णन कोणत्याहि पुस्तकांत दोन ओळींपेक्षां अधिक मिळत नाहीं. मिळणार तरी कसें? जो चेंडू गोलपर्यंत आलाच नाहीं त्याचें वर्णन कोणी करावें?

आशियाई स्पर्धेंत फुटबॉलचें सुवर्णपदक भारताला त्यानंतर मिळालेलें नाहीं. रहीम पुढच्याच वर्षीं, जून १९६३ मध्यें वारले. फ्रँको आणखी कांहीं वर्षें खेळले: १९६४ च्या आशिया चषकांत भारत दुसरा आला तेव्हां ते संघांत होते, संतोष ट्रॉफी जिंकणाऱ्या महाराष्ट्राच्या संघांत होते, आणि मग मुक्त गोव्यांत परतून साळगांवकर संघाकडून खेळले. ज्या भूमींतून पोर्तुगीज प्रजाजन म्हणून बाहेर पडले तेथें ते सुवर्णपदक गळ्यांत घालून भारतीय नागरिक म्हणून आले.

येथें पोर्तुगालची एक गोष्ट आठवते. त्याच १९६२ सालीं, जाकार्ताच्या चार महिने आधीं, लिस्बनच्या बेनफिका संघानें युरोपचा चषक सलग दुसऱ्यांदा जिंकला. त्यांचा युसेबियो हा पोर्तुगीज अंमलाखालच्या मोझांबिकचा. त्या वसाहतींतला मुलगा लिस्बनला गेला आणि जगप्रसिद्ध झाला. आमच्या वसाहतींतला मुलगा मुंबईस आला. परंतु मला युसेबियोपेक्षां जेर्मानो अधिक आवडतो. हा त्या संघाचा मधला बॅक. १९६५ च्या अंतिम सामन्यांत बेनफिका इंटर मिलानविरुद्ध एका गोलानें मागें असतांना त्यांचा गोलरक्षक जायबंदी झाला. त्या काळीं बदली खेळाडू घेण्याची सोय नव्हती. जेर्मानोनें गोलरक्षकाचा सदरा अंगांत घातला आणि तो गोलमध्यें उभा राहिला. उरलेल्या वेळांत त्यानें एकहि गोल होऊं दिला नाहीं. सामना ०–१ असा गेला तो गेलाच. हरलेल्या सामन्यांतला न झालेला गोल! याहून विस्मरणास योग्य अशी कामगिरी शोधूनहि सांपडणार नाहीं, आणि मी मात्र ती विसरूं शकत नाहीं.

माझा तो सातवींतला मुलगा आतां चाळिशी ओलांडून गेला आहे, धुळ्यांतच असतो. मागील वर्षीं भाजीबाजारांत भेटला. वाकून नमस्कार केला. मीं त्याला तेथेंच, कोथिंबिरीच्या ढिगाजवळ उभें राहून फ्रँकोंची सगळी गोष्ट सांगितली. आपल्या जुन्या प्रश्नाची त्याला आठवण होती कीं नाहीं, तें मीं विचारलें नाहीं. त्यानें सारें शांतपणें ऐकून घेतलें.

"रोमला त्यांना एकदांहि खेळविलें नाहीं, सर?"

"एकदांहि नाहीं."

"आणि तरी पुढें दोन वर्षें सराव करीत राहिले?"

"राहिले."

त्यानें पिशवी या हातांतून त्या हातांत घेतली, "येतों सर," म्हणाला, आणि पुलाच्या बाजूनें चालूं लागला.