परसबागेचा निधी आणि पेरणीची वेळ

शिक्षक, अंगणवाडी सेविका आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे आज ठेवावयाचा विषय वरकरणी लहान आहे. शाळेच्या आवारातील चार वाफे, त्यांत मेथी व पालक, कुंपणालगत शेवगा आणि कढीपत्ता, एवढाच त्याचा पसारा. परंतु 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या 68.9 टक्के बालकांमध्ये रक्तक्षय आढळला, हे ध्यानात घेतले म्हणजे या चार वाफ्यांचे मोल कळते.

छत्रपती शाहू महाराजांनी 1917 मध्ये जयसिंगपूरची पेठ वसविली. त्याच वर्षी करवीर संस्थानात मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय झाला. बाजारपेठ आणि शाळा यांचा विचार एकाच वेळी करणारी ही परंपरा होय. आज शिरोळ तालुक्यात ऊस आणि भाजीपाला मुबलक पिकतो. ती भाजी येथील बालकाच्या ताटातही पोहोचली पाहिजे.

शाळेतील बागेची कल्पना नवी नाही. 1960 नंतरच्या दशकात युनिसेफसारख्या संस्थांच्या साहाय्याने चाललेल्या पोषण कार्यक्रमात शाळाबागांचा समावेश होता. 2019 मध्ये केंद्र शासनाने शालेय पोषण बागांविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. प्रधानमंत्री पोषण योजनेत नावीन्यपूर्ण उपक्रमांसाठी वार्षिक आराखड्याच्या 5 टक्क्यांपर्यंत रक्कम राखता येते. सक्षम अंगणवाडीच्या आराखड्यात पोषणवाटिका आहे. ग्रामपंचायतींना स्वतःच्या उत्पन्नाचा 10 टक्के भाग महिला व बालकल्याणासाठी खर्चावयाचा असतो. तात्पर्य, वाटा आहेत. प्रश्न आहे तो पैसा केव्हा पोहोचतो आणि कशासाठी खर्च होतो याचा.

कृष्णा-पंचगंगेच्या या टापूत 2005, 2019 आणि 2021 या वर्षी महापूर आले. सखल भागातील शाळेत श्रावणातले वाफे भरवशाचे नाहीत. बागेचा खरा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी हाच. मेथी महिन्याभरात आणि मुळा दीड महिन्यात ताटात येतो. सप्टेंबरात निधी हाती आला, तर पालेभाजीची दोन-तीन पिके मुलांना मिळतात. तोच निधी आर्थिक वर्षाअखेर मार्चमध्ये आला, तर उन्हाळा व पाठोपाठ मे महिन्याची सुट्टी गाठते. खर्चाची पावती फाइलीत राहते, ताट मात्र रिकामेच राहते.

दुसरी गोष्ट हिशेबाची. योजनेच्या मानकानुसार प्राथमिक शाळेतील मुलास दररोज 50 ग्रॅम आणि उच्च प्राथमिक शाळेतील मुलास 75 ग्रॅम भाजी द्यावयाची असते. म्हणजे प्राथमिकच्या शंभर मुलांना रोज पाच किलो. एका गुंठ्याच्या बागेतून वर्षभर इतकी भाजी निघणे शक्य नाही. म्हणून परसबाग आहे या कारणाने भाजी खरेदीची रक्कम कमी करणे न्याय्य ठरणार नाही. बाग ही पूरक आहे. रोजच्या आमटीत मूठभर ताजा पाला पडावा आणि आपण पेरलेले आपणच खाल्ले याचे समाधान मुलांना लाभावे, हे तिचे कार्य होय.

तिसरी गोष्ट देखभालीची. उद्घाटनाच्या फलकापेक्षा बियाणे, पाणी आणि कुंपण यांसाठी दरवर्षी मिळणारी थोडी रक्कम अधिक मोलाची असते. क्षारपड जमिनीत गादीवाफे, निचरा आणि शेणखत यांवाचून पीक येत नाही. त्याचाही खर्च धरावा. हात धुण्याच्या जागेचे पाणी चर खणून वाफ्यांकडे वळविता येते. सुट्टीत पाणी देण्याची जबाबदारी स्वयंपाकी मदतनीस अथवा महिला बचत गटाकडे सोपवावी आणि त्या काळातील भाजी त्यांनाच द्यावी.

यासाठी ग्रामसभांच्या ठरलेल्या तारखांचा उपयोग करून घेता येईल. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत तरतूद मंजूर व्हावी, 2 ऑक्टोबरपर्यंत पेरणी व्हावी आणि 1 मे रोजी सुट्टीतील राखणदार ठरावा. जयसिंगपूर शहरात हेच काम नगरपरिषदेला अंदाजपत्रकाच्या वेळी करता येईल. बियाण्याला आर्थिक वर्ष कळत नाही, त्याला वाफसा कळतो. शासकीय निधी वाफशाच्या वेळी पोहोचला, तरच तो बालकाच्या ताटापर्यंत जाईल.