लाजेपायी गप्प राहू नका



मागच्या मेळाव्याला आलो नाही. कारण खोटं सांगितलं होतं. फौजेतून परतलो तो नैराश्य घेऊन. मेडिकल बोर्डाने 'आजाराचा सेवेशी संबंध नाही' असं लिहिलं आणि अपंगत्व पेन्शन नाकारली गेली. लाजेपायी मी गप्प बसलो. शेवटी बायकोनेच ट्रंकेतले कागद वकिलांना दाखवले. भरती होताना मला कोणताही आजार नव्हता, हे त्यांत स्पष्ट होतं. अशा वेळी आजार सेवेमुळेच जडला असं धरावं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली धरमवीर सिंग खटल्यात सांगितलंय. त्याच आधारावर सशस्त्र दल न्यायाधिकरणात अर्ज केलाय. निकाल यायचाय. पण आज तुमच्यासमोर आजाराचं नाव घेतलं, तेव्हाच निम्मं ओझं उतरलं. फौजेतल्या आपल्या कुणाची झोप उडाली असेल, तर कागद जपा आणि मला हाक मारा.