संयुक्त ‘मानापमाना’ची रात्र

मराठी रंगभूमीवर आजवर हजारों प्रयोग झाले; परंतु तारखेनिशीं लोकांच्या ध्यानांत राहिलेला प्रयोग एखादाच. ८ जुलै १९२१, मुंबईचें बालीवाला ग्रँड थिएटर आणि नाटक ‘मानापमान’ : इतकें म्हटलें कीं, संगीत नाटकाची थोडीबहुत आवड असलेल्या घरांत पुढचें कांहीं सांगावें लागत नाहीं. तें नाटक त्या दिवशीं नवें नव्हतें. १२ मार्च १९११ रोजीं मुंबईंतच किर्लोस्कर नाटक मंडळीनें तें प्रथम रंगभूमीवर आणलें होतें, आणि गोविंदराव टेंबे यांनीं चाली दिलेलीं त्यांतलीं पदें दहा वर्षांत घरोघर पोंचलीं होतीं. नवें होतें तें एवढेंच कीं, नाटकाच्या नांवामागें ‘संयुक्त’ हा शब्द लागला होता. भामिनी बालगंधर्व आणि धैर्यधर केशवराव भोसले. गंधर्व नाटक मंडळी व ललितकलादर्श या दोन मंडळ्या एका रंगमंचावर. आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास.

फंडाची हकीकत थोडक्यांत अशी. लोकमान्यांचें निधन १ ऑगस्ट १९२० रोजीं मुंबईंत झालें. पुढील वर्षीं मार्चअखेर बेझवाड्याच्या बैठकींत त्यांच्या नांवानें एक कोटी रुपये जमविण्याचें काँग्रेसनें ठरविलें आणि मुदत घातली ३० जूनची. तीन महिने गांवोगांव झोळी फिरली. व्यापाऱ्यांनीं आंकडे घातले, गिरणींतल्या माणसांनीं आणे दिले, सभेला आलेल्या स्त्रियांनीं हातांतल्या बांगड्या उतरवून दिल्या. मुदतीच्या सुमारास कोटीचा आंकडा पुरा झाला, आणि त्यानंतर आठवड्यानें हा प्रयोग झाला. त्याचें उत्पन्न सुमारें सोळा हजार रुपये सांगितलें जातें. एका रात्रीच्या नाटकाला त्या काळीं ही रक्कम अचाटच. परंतु कोटीच्या मानानें पाहिलें तर सहाशेंतला एक वांटा. तो न मिळता तरी फंडाचें कांहीं अडलें नसतें. दोन मंडळ्यांच्या मालकांनीं त्या रात्रीं खरोखर डावावर लावलें तें निराळेंच होतें.

तें समजण्यासाठीं त्या काळची नाटक मंडळी म्हणजे काय हें ध्यानांत घ्यावें लागतें. मंडळी म्हणजे एक फिरतें बिऱ्हाड. नट, साथीदार, पडदेवाले, शिंपी, आचारी, नाटकाच्या नादानें घर सोडून आलेलीं पोरें, अशा साऱ्यांचीं पानें रोज दोन वेळ पडावयाचीं तीं तिकिटांच्या पैशावर. आणि तिकिटें खपावयाचीं तीं एका नांवावर. गंधर्व मंडळीचें तें नांव बालगंधर्व, ललितकलादर्शाचें केशवराव. ज्याच्या गळ्यावर इतक्या माणसांचा संसार चालतो त्यानें प्रतिस्पर्ध्याच्या बरोबर एकाच नाटकांत, एकाच श्रोतृवर्गापुढें उभें राहावें, आणि दोघांपैकीं कोण सरस याची कुजबुज सकाळपर्यंत साऱ्या शहरांत व्हावी, ही गोष्ट सामान्य नव्हे. स्वतःच्या मंडळींत नायकाचें एखादें पद पडलें तर दुसऱ्या प्रयोगाला तें सावरतां येतें. इथें दुसरा प्रयोग हाताशीं नव्हता.

दोघांच्या वयांत फारसें अंतर नव्हतें. नारायण श्रीपाद राजहंस यांचा जन्म २६ जून १८८८ चा, केशवराव भोसल्यांचा ९ ऑगस्ट १८९० चा. पुण्यास लहानग्या नारायणाचें गाणें ऐकून टिळकांनींच त्याला बालगंधर्व म्हटलें, ही आख्यायिका सर्वश्रुत आहे. म्हणजे ज्या नांवावर तिकिटें खपलीं तें नांव, आणि ज्याच्या स्मरणार्थ पैसा जमला तो पुरुष, यांचें नातें असें जुनें होतें. केशवराव लहानपणीं स्वदेशहितचिंतक मंडळींत होते. ‘शारदे’तील शारदेची भूमिका करून तो मुलगा महाराष्ट्राला माहीत झाला. १ जानेवारी १९०८ रोजीं हुबळीस त्यांनीं ललितकलादर्शाची स्थापना केली, तेव्हां त्यांचें वय सतरा वर्षांचें होतें. ज्या वयांत मुलें परीक्षेची धास्ती घेतात त्या वयांत या मुलानें एक मंडळी पोसावयास घेतली.

दोघांच्या गाण्याची जात मात्र निरनिराळी. बालगंधर्वांचें गाणें भास्करबुवा बखल्यांच्या तालमींतलें. सूर लागला कीं तो ओल्या रेशमासारखा अंगाला बिलगावा. शब्दांतला भाव स्वरांत विरघळून जावा. तान आली तरी ती आली हें मागाहून कळावें. केशवरावांचा आवाज चढा, धारदार, झेंप घेणारा. ललितकलादर्शाला रामकृष्णबुवा वझ्यांसारख्या गवयाचा लाभ झाला होता, आणि केशवरावांच्या तानेंत तो पीळ उतरला होता. एकाचें गाणें ऐकतांना श्रोता पुढें सरकून बसे, दुसऱ्याचें ऐकतांना खुर्चींतून उठे. यामुळेंच दोघांच्या भक्तांचे तट पडले होते. एकाच घरांत थोरला भाऊ गंधर्वांचा आणि धाकटा केशवरावांचा, आणि दोघांचा वाद जेवतांना आईनें मिटवावयाचा, असा प्रकार.

त्या रात्रीं थिएटरांत शिरणारा मनुष्य कसल्या मनःस्थितींत असेल याची कल्पना करणें म्हणून कठीण नाहीं. आषाढाचे दिवस. वरच्या दर्जाच्या तिकिटाचा दर शंभर रुपयांपर्यंत गेला होता असें सांगतात. साध्या कारकुनाचा महिन्याचा पगारहि त्याहून कमीच असे. ज्यानें हे पैसे मोजले त्याच्या तोंडीं फंडाचें नांव असेल, आणि तें खोटेंहि नसेल. पण मनांत ओढ होती ती जुगलबंदीची. नाटकाची गोष्ट कोणाला नव्यानें कळावयाची नव्हती. भामिनी शेवटीं कोणाला वरणार हें पिटांतल्या पोरालाहि ठाऊक होतें. लोक नाटकाला आले होते ते मैफलीला यावें तसे. आणि तेव्हांच्या संगीत नाटकाचा तो गुणहि होता आणि दोषहि. एक पद रंगलें कीं ‘वन्समोअर’ची आरोळी उठावयाची, तेंच पद पुन्हां, पुन्हां, आणि कथानक बिचारें विंगेंत ताटकळत उभें. खाडिलकरांचें गद्य जोरदार. परंतु गाण्याच्या पुरांत त्याचे कांठ पुष्कळदां बुडून जात. संयुक्त प्रयोगांत तर हा पूर दुहेरी.

असें असूनहि त्या रात्रीं नुसती जुगलबंदी न होतां नाटक उभें राहिलें असल्यास त्याचें श्रेय नाटककाराला द्यावें लागेल. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर हे टिळकांचे ‘केसरी’तले सहकारी. त्यांच्या ‘कीचकवधा’वर सरकारनें १९१० मध्यें बंदी घातली, आणि पुढच्याच वर्षीं त्यांनीं हें वरवर शृंगारिक दिसणारें नाटक दिलें. शृंगारिक तें आहेच; पण त्याच्या पोटांत एक सवाल आहे: मान कोणाचा, पैशाचा कीं पराक्रमाचा? श्रीमंताघरची भामिनी दरिद्री सेनापति धैर्यधराचा अपमान करते. पलीकडे लक्ष्मीधर आहे. त्याच्यापाशीं दागिने पुष्कळ, छाती मात्र नाहीं. मग भामिनी डामडौल टाकून वनमाला या नांवानें, साध्या वेषांत छावणींत जाते आणि ज्याला धुडकावलें त्याच्याच शौर्यावर लुब्ध होते.

आतां हें कथानक १९२१ च्या जुलैंत ठेवून पाहावें. खालीं शेटसावकार मोठमोठाले दर देऊन बसले आहेत आणि वर रंगमंचावर संपत्तीची खिल्ली उडत आहे. आदल्याच महिन्यांत सभांतून स्त्रियांनीं अंगावरचे दागिने देशासाठीं उतरवून दिले आहेत, आणि इकडे भरजरी शालू व अलंकार यांकरितां प्रसिद्ध असलेले बालगंधर्व नाटकाच्या ओघांतच अलंकार उतरवून साध्या वेषांत येत आहेत. हा योग कोणीं जुळवून आणला असेल असें नाहीं. नाटक दहा वर्षांचें होतें. पण जुन्या नाटकाला कधीं कधीं काळच नवा अर्थ देतो, आणि शहाणा प्रेक्षक तो न सांगतां उचलतो.

दुसरी गोष्ट याहूनहि मौजेची आहे. नाटकानें या दोघांना दिलेलीं नातीं कोणतीं? प्रथम अपमान करणारी आणि अपमान सोसणारा. मग एकमेकांवांचून न करमणारे प्रेमिक. मैफलींत दोन गवई समोरासमोर बसले तर एकानें दुसऱ्याकडे पाठ फिरवून गाइलें तरी चालतें. रंगभूमीवर तें चालत नाहीं. धैर्यधराचें पद चाललें असतां वनमालेनें तें प्रीतीनें ऐकत उभें राहावयाचें. तिचा सूर लागला कीं धैर्यधराच्या मुद्रेवर तो उमटला पाहिजे. दोन प्रतिस्पर्धी मालकांना, हजारों डोळ्यांदेखत, एकमेकांचें गाणें मनापासून ऐकणें भाग होतें. ऐकण्याचें सोंग त्या दोघांसारख्यांना जमलें नसतें असें नाहीं. परंतु ज्याच्या कानांत सूर आहे त्याला चांगल्या सुरापुढें सोंग फार वेळ टिकवितां येत नाहीं.

त्या काळीं रंगमंचावर ध्वनिवर्धक नव्हता. आवाज शेवटच्या रांगेपर्यंत न्यावयाचा तो छातीच्या जोरावर, आणि तोहि तासचे तास. केशवरावांच्या चढ्या पट्टीला या गोष्टीचा फायदा होता. बालगंधर्वांचा मृदु सूर मागच्या बाकांपर्यंत कसा पोंचे हें कोडेंच आहे. तो पोंचे इतकें खरें. ऐकणारे सांगत, तो आवाज मोठा नव्हता, लोकच गप्प होत.

जिंकलें कोण? त्या प्रयोगाच्या आठवणी पुढें कित्येकांनीं सांगितल्या आणि लिहिल्या, आणि या एका प्रश्नावर त्यांचें एकमत झालें नाहीं. केशवरावांच्या तानांनीं थिएटर हादरलें असें एक सांगतो. शेवटीं कानांत राहिली ती भामिनीच, असें दुसरा. निकाल लावावयास साधन नाहीं. मुंबईंत नभोवाणी सुरू झाली ती २३ जुलै १९२७ रोजीं. त्याला अद्याप सहा वर्षें अवकाश होता. त्या रात्रीचा एकहि सूर कोठल्याहि तबकडीवर उतरलेला नाहीं. ज्यांच्या कानांवर तो पडला त्यांच्याबरोबर तो गेला. हें एका अर्थीं बरेंच झालें. नाहींतर ध्वनिमुद्रिका लावून, काटा सुरावर ठेवून, गुण वांटण्याचा उद्योग आपल्याकडे आजहि चालला असता.

ज्याचें उत्पन्न दुसऱ्याला द्यावयाचें त्या प्रयोगाला पुष्कळदां एक ढिलाई येते. धर्मार्थ आहे, तेव्हां चालवून घ्या, असा एक न बोललेला करार दोन्ही बाजूंनीं होतो: नट तालमी आंखडतो आणि प्रेक्षक टाळ्या उधार देतो. या प्रयोगाला ती सवलत नव्हती. दोन्ही तट डोळ्यांत तेल घालून बसलेले. चुकलेला एक सूर आपल्या माणसाच्या नांवें कायमचा नोंदला जाईल याची दोघांनाहि जाणीव. म्हणूनच त्या दिवशींच्या दानाला वजन आलें. बालगंधर्वांना या नाटकानें याआधींहि एक कठीण दिवस दाखविला होता. १९११ सालच्या पहिल्या प्रयोगाच्याच दिवशीं त्यांची लहान मुलगी वारली, आणि रात्रीं ते भामिनी म्हणून उभे राहिले. मंडळीचा शब्द आणि लोकांचीं तिकिटें यांपुढें त्यांनीं घरचें दुःख मागें सारलें. तें योग्य कीं अयोग्य यावर आजहि वाद होईल, आणि व्हावा.

पैशाची गोष्ट निघालीच आहे म्हणून सांगावयाचें. फंडाला हजारों रुपये देणारी गंधर्व मंडळी त्याच दशकांत कर्जाच्या डोंगराखालीं सांपडली आणि तें फेडतां फेडतां मालकांचीं वर्षें गेलीं. हिशेबाच्या वहींत या मंडळ्या कधींच हुशार नव्हत्या.

प्रयोगानंतर तीन महिनेहि लोटले नाहींत. ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं केशवराव भोसले वारले. ज्या तटांनीं जुलैंत एकमेकांवर तोंडसुख घेतलें होतें त्यांना ऑक्टोबरांत बोलावयास कांहीं उरलें नाहीं. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनीं पुढें चालविलें. कोल्हापुरास शाहूमहाराजांनीं बांधविलेल्या पॅलेस थिएटरास मागाहून केशवरावांचें नांव देण्यांत आलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्यांच्या जन्मदिवसाच्या आदल्या रात्रीं, त्या नाट्यगृहास आग लागून आंतला भाग जळून गेला, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं जयंतीस आलेले लोक राखेपुढें उभे होते.

बालगंधर्व १५ जुलै १९६७ पर्यंत जगले. भामिनीची भूमिका त्यांनीं त्यानंतरहि वर्षानुवर्षें केली. तिच्यापुढें धैर्यधर म्हणून निरनिराळे नट उभे राहिले, आणि त्यांत चांगले गाणारेहि होते. परंतु जुने प्रेक्षक तिकीट काढतांना त्यांपैकीं कोणाचें नांव विचारीत नसत. आज भामिनी कोण आहे, एवढेंच विचारीत.