पोहणारा कामगार आणि त्याचा पाठीराखा



व्याख्यानमालेच्या चालकांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही 'प्रौढांच्या पोहण्याच्या शर्यती आणि त्यांचा खर्च' असे लिहून पाठविले. चालक जरा चपापले. युनियनचा माणूस, बोनसवर बोलेल, कंत्राटी कामगारांवर बोलेल, हे पोहण्याचे काय काढले? पण पैसा कोण देतो, कशासाठी देतो आणि देताना काय लिहून घेतो, हा प्रश्न जेथे जेथे उभा राहतो ती सर्व आमच्या कामाची हद्द, अशी आमची समजूत आहे.

प्रथम या शर्यती म्हणजे काय ते सांगतो. त्यांना 'मास्टर्स' म्हणतात. मास्टर म्हटले की आपल्यापुढे शाळामास्तर नाही तर बॅण्डमास्तर उभा राहतो. येथे अर्थ इतकाच की वय पंचवीस किंवा त्याहून अधिक. पुढे पाच-पाच वर्षांचे गट पडतात: २५ ते २९, ३० ते ३४, असे थेट शंभरीपर्यंत. पन्नाशीच्या माणसाला विशीच्या पोराशी झुंजावे लागत नाही. अमेरिकेत १९७० साली पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली आणि १९८६ साली तोकियोत पहिली जागतिक. जपानच्या मिएको नागाओका या बाई ऐंशीच्या सुमारास पोहू लागल्या आणि २०१५ साली, शंभराव्या वर्षी, १५०० मीटर पोहून गेल्या. वेळ लागला सव्वा तासाहून थोडा अधिक. आपल्याकडेही भारतीय जलतरण महासंघ राष्ट्रीय मास्टर्स स्पर्धा भरवितो.

यातला एक नियम आम्हांस फार आवडतो. चौघांच्या साखळी शर्यतीत गट ठरतो तो चौघांच्या वयाची बेरीज करून. बेरीज २४० ते २७९ झाली की एक गट, २८० च्या पुढे दुसरा. आमच्या कार्यकारिणीतले चौघे उद्या उतरले, तर वयाच्या बाबतीत तरी कोणी हरकत घेणार नाही.

वयाची गणना त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरला धरतात, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ज्याचे पन्नासावे डिसेंबरात पुरे होणार, तो जानेवारीपासूनच ५०-५४ च्या गटात, आणि तेथे तो सर्वांत तरुण! कारखान्यात पन्नाशी म्हणजे स्वेच्छानिवृत्तीच्या यादीत नाव शोधण्याचे वय. येथे ती उमेदीची सुरुवात ठरते.

आता आपल्या गावाकडे येऊ. आपल्या पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे कारखाने आणि त्यांमागे पारसिकचा डोंगर. १९७० साली सिडको आली, जमिनी गेल्या, मिठागरे गेली. पण पाठीला डबा बांधून पोरांना पाण्यात ढकलणारी पिढी अजून आपल्यात आहे. त्या पिढीला भांगाची भरती आणि उधाणाची भरती पंचांगाशिवाय कळते. या नव्या मुंबईचाच प्रभात कोळी हा तरुण २०२३ साली न्यूझीलंडची कूक सामुद्रधुनी पोहून सातही सामुद्रधुन्यांचा मानकरी झाला. त्यापूर्वी पुण्याच्या रोहन मोरे यांनी २०१८ साली तोच पराक्रम केला होता. पण ही झाली तरुणांची आणि असामान्यांची गोष्ट. आमची आज ज्याच्यावर नजर आहे, तो सामान्य आहे.

आमच्या युनियनमधला एक फिटर, नाव सांगत नाही, एकोणपन्नास वर्षांचा. खाडीत शिकलेला, म्हणजे मान वर काढून पोहणारा. कारण खाडीत समोरची होडी दिसावी लागते. तलावात मान वर काढली की कंबर खाली जाते आणि वेग मरतो. रात्रपाळी संपवून सकाळी तलावावर जाऊन याने एक वर्ष ती सवय मोडली. मग म्हणाला, राष्ट्रीय स्पर्धेला जायचे. खर्चाचा हिशेब मांडला: रेल्वेचे भाडे, प्रवेशशुल्क, राहणे-जेवणे आणि बुडणारा पगार. चौथा आकडा सर्वांत मोठा निघाला.

पैलवानाला आश्रयदाता हवा, हे महाराष्ट्राला नवे नाही. शाहू महाराजांनी कोल्हापुरात मल्लांना खुराक दिला, खासबागेचे मैदान बांधले. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीवर. चारच वर्षांनी हेलसिंकीला जायचे, तेव्हा लोकवर्गणी झाली आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर सात हजार रुपयांना गहाण टाकले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. राजाश्रयाकडून लोकाश्रयाकडे असा हा चार वर्षांचा प्रवास आहे.

पोहण्यातले उदाहरण मुरलीकांत पेटकरांचे. सांगली जिल्ह्यातला हा लष्करी कारागीर, मूळचा मुष्टियोद्धा. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून पाय गेले. पाण्यात उतरले ते उपचार म्हणून, आणि १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर ३७.३३ सेकंदांत पोहून भारताला सुवर्णपदक देते झाले. क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने त्यांच्या प्रवासखर्चाला हातभार लावला होता. पुढे पेटकरांनी पुण्यात टेल्कोत नोकरी केली. पद्मश्री मिळाली २०१८ साली. शेचाळीस वर्षे! पदकाचा गाजावाजा ओसरल्यावर माणसाला आधार रोजच्या नोकरीचा असतो, हे आम्ही येथे मुद्दाम सांगतो.

तर आमच्या फिटरसाठी आम्ही एका कारखान्याच्या व्यवस्थापनाकडे गेलो. त्यांनी नकार दिला नाही. अंगरख्यावर कंपनीचे नाव, वार्षिक अहवालात छायाचित्र आणि एक कागद. कागदात कलम होते: वर्षभर कंपनीच्या प्रतिमेला बाध येईल असे वर्तन करणार नाही. त्या वेळी पगारवाढीचा करार लटकलेला होता. फिटरने साधेपणाने विचारले, "साहेब, गेटसभेला उभा राहिलो तर बाध येतो का?" साहेब म्हणाले, "तुम्ही समजूतदार आहात." आम्ही त्याला सही कर असेही सांगितले नाही, करू नको असेही नाही. दोन दिवसांनी त्याने कागद कोराच परत दिला.

काही सुशिक्षित मित्र विचारतात, कंपन्यांवर दोन टक्क्यांचे बंधन आहे ना? आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यात मोठ्या कंपन्यांनी सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्च करावेत असे आहे, आणि यादीत खेळांचे प्रशिक्षणही आहे. परंतु नियमांत असेही आहे की केवळ आपल्याच नोकरांच्या लाभाचा खर्च त्यात धरता येत नाही, आणि आपल्या मालाच्या जाहिरातीसाठी दिलेला पुरस्कारही नाही. दोन्ही बंधने आम्हांस योग्य वाटतात. मात्र स्वतःच्या फिटरला पोहायला पाठवायचे, तर मालकाने ते पुण्यकर्म म्हणून मिरवू नये, सेवाशर्तींत घालावे.

शेवटी वर्गणी काढली. गेटवर, गावात, पावती फाडून. एका जुन्या सभासदाने कडाडून विरोध केला: कंत्राटी पोरांचे दोन महिन्यांचे पगार थकले आहेत आणि तुम्ही पोहण्याला पैसे मागता? प्रश्न खोटा नव्हता. आम्ही लढ्याच्या निधीला हात लावला नाही, पावतीपुस्तक वेगळे ठेवले, हिशेब फलकावर लावला. ते गृहस्थ आज पहिल्या रांगेत बसले आहेत आणि त्यांचे मत बदललेले नाही.

फिटर जाऊन आला. २०० मीटर छातीवरच्या पोहण्यात नऊ जणांत पाचवा. छायाचित्र कोणी छापले नाही. आल्या रात्री पाळीवर हजर होता, कारण रजा चारच दिवसांची होती आणि तीही बिनपगारी.

म्हणून यंदाच्या मागणीपत्रात आम्ही कलम घातले आहे: स्पर्धेत उतरणाऱ्या कामगारास, वयाची अट न घालता, वर्षातून सहा दिवस भरपगारी क्रीडारजा. पोहणे, कबड्डी, धावणे, काहीही, बाईमाणसालाही तीच. गेल्या बैठकीत व्यवस्थापनाने 'क्रीडारजा' हा शब्द खोडून 'विशेष रजा' असा घालण्यास मान्यता दिली. दिवसांच्या आकड्याची जागा अद्याप कोरी आहे. पुढची बैठक येत्या सोमवारी आहे.